पट्ट्यानंतरची खूण

ब्रॅडिश कॉलेज, आयोवा
१८ फेब्रुवारी १९७४

प्रिय कोच टिंकम,

तुम्ही तिकडे उन्हात पाय पसरून बसला असाल. इथे बेसबॉलच्या मैदानावर गुडघाभर बर्फ आहे आणि दुसऱ्या बेसच्या जागी कुणीतरी बर्फाचा माणूस उभा केलाय. त्याच्या डोक्यावर माझी टोपी आहे. पोरांना विचारलं की सगळे छताकडे बघतात. सराव व्यायामशाळेत चाललाय. आमचा लॉनी व्हाव्रा म्हणून एक पोरगा आहे, पायांत नुसतं वारं, डोकं मात्र अजून यायचंय. त्याने काल असा फटका मारला की चेंडू भिंतीवरच्या घड्याळात जाऊन बसला. घड्याळ अजून चालतंय, पण उलटं.

आता खरी गोष्ट. काल प्राचार्य लेदरबींनी बोलावून कॉफी पाजली. हा माणूस कॉफी पाजतो तेव्हा आपलं काही खरं नसतं. म्हणाले, "एल्डन, तू आमचाच विद्यार्थी, याच कॉलेजातून खेळलास, म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो. पण मे महिन्यात शेवटचा सामना ओथमार कॉलेजशी आहे. तो जिंकलास तर राहा. हरलास तर पुढच्या वर्षी संघ पोहण्याच्या मास्तरांकडे." पोहण्याचे मास्तर! त्यांना बॅट दिली तर ते तिच्यावर टॉवेल वाळत घालतील.

तुम्ही निवृत्त होताना तुमची जागा मला दिलीत त्याला बारा वर्षं झाली. बारा वर्षांत ओथमारला एकदाही हरवलेलं नाही. घरी मार्लिसला अजून काही बोललो नाही. कॉलेजने दिलेल्या घरातल्या स्वयंपाकघराला तिने परवाच पिवळा रंग दिलाय. आणि खरं सांगतो कोच, मला दुसरं काही येतही नाही आणि दुसरं काही करायचंही नाही.

डॅरेल स्पूनर ओथमारला कोच आहे म्हणून हे जास्तच झोंबतं. माझ्याच खोलीत राहायचा, माझे मोजे घालून तुमच्या संघात दुसरा बेस सांभाळायचा. आता आमचा गडी फटक्याची वाट न बघता पुढचा बेस चोरायला निघतो न निघतो तोच याचे लोक तिथे चेंडू घेऊन हजर. आम्ही बॅटने चेंडू हळूच पुढ्यात टेकवायचं ठरवावं, तर हे आधीच पुढे सरकलेले. माझ्या खोपडीत घुसून बसल्यासारखं करतो. मी तर तिसऱ्या बेसजवळ उभा राहून तुमच्याच खुणा करतो, तशाच्या तशा. टोपी, कान, नाक सगळी धूळफेक, पण पट्ट्याला हात लागला की पुढची खूण खरी. पट्ट्यानंतर कान म्हणजे बेस चोर, नाक म्हणजे चेंडू टेकव, छाती म्हणजे तिसऱ्या बेसवरून जीव घेऊन होमकडे पळ आणि धाव घे. यातली एकही बदललेली नाही. मग चुकतंय कुठे?

त्या सामन्याच्या दिवशी तुमचा सत्कार आहे, मैदानाला तुमचं नाव द्यायचं ठरलंय. याल ना?

तुमचा
एल्डन प्रोहास्का


मेसा, ॲरिझोना
२ मार्च १९७४

एल्डन,

पहिली गोष्ट, मी बेसबॉल सोडलाय. लुरीनला शब्द दिलाय. आता इथल्या म्हाताऱ्यांबरोबर काठीने लाकडी चकत्या ढकलतो. खेळ कसला, अंगण झाडणं आहे ते. शेजारचा निवृत्त दंतवैद्य दर वेळी रेषेवर पाय देतो आणि वर माझ्याशीच भांडतो. तेव्हा बेसबॉलबद्दल मला एक अक्षर लिहू नकोस.

दुसरी गोष्ट, तुझा पिचर कोण आहे, चेंडू कोण फेकतो? डावखुरा का? कोपर खाली पाडतो का? सविस्तर लिही.

खुणांचं नाव काढू नकोस. तीस वर्षं त्या खुणांवर मी सामने मारले. खोट खुणांत नाही, तुझ्या थोबाडात आहे. कॉलेजात असतानाही पत्त्यांत तुझ्याकडे एक्का आला की तुझे कान लालबुंद व्हायचे. स्पूनर तुझे कान बघत असणार. त्यावर उपाय एकच, तंबाखू. गालात गोळा धरला की चेहऱ्याचा पत्ता कुणालाही लागत नाही. इतक्या वर्षांत माझ्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळलं नाही, लुरीनलाही नाही.

लुरीनचा गुडघा सुजलाय. चार जोड्यांचा तो चौकोनी नाच नाचायला गेली होती. मी नव्हतो गेलो.

सत्काराचं बघू. मला असल्या गोष्टींची हौस नाही.

टिंकम

ता. क. आम्ही येतोय. तुझं पत्र आलं त्याच दुपारी तुझा कोच ऑर्विल सूट घालून आरशासमोर उभा होता आणि कुणाचे तरी आभार मानत होता. मी पाहिलं नाही असं त्याला वाटतंय. — लुरीन


ब्रॅडिश, आयोवा
१५ एप्रिल १९७४

प्रिय कोच,

पिचरचं नाव मर्ल हॅगेडॉर्न, डावखुरा, कोपर वरच ठेवतो, डोकं मात्र खाली.

तंबाखूचा सल्ला अमलात आणला. शनिवारी घरच्या मैदानावर सामना होता. गालात गोळा धरून तिसऱ्या बेसजवळ उभा राहिलो, अगदी तुमच्यासारखा. सुरुवातीला झकास चाललं होतं. मग पंच एकदम "बाद!" म्हणून बोंबलला, मी दचकलो आणि गोळा गिळला.

कोच, तो गिळायचा नसतो हे तुम्ही लिहिलं नव्हतंत.

पोटात असा काही भडका उडाला की एक हात पट्ट्यावर गेला आणि दुसरा छातीवर. तिसऱ्या बेसवर लॉनी व्हाव्रा उभा. त्याने पाहिलं, पट्टा, मग छाती. ही खूण तुमच्यानंतर कुणी केलीच नव्हती, माझी कधी छातीच झाली नाही. पोरगं सुसाट होमकडे पळालं. समोरचा पिचर चेंडू हातात धरून माझ्याकडे बघत राहिला, कारण मी कुंपणाला धरून ओकत होतो. आमची धाव झाली आणि आम्ही सामना जिंकलो! गावच्या पेपरात "प्रोहास्का यांची धाडसी चाल" असं छापून आलंय. मार्लिसने ते कात्रण फ्रीजवर लावलंय. मी दोन दिवस फक्त बार्लीचं पाणी पितोय.

एक मात्र राहून राहून मनात येतंय. काल सगळ्या कोच मंडळींचं जेवण होतं, तळलेले मासे. स्पूनर माझ्याच टेबलावर येऊन बसला. गप्पा मारता मारता म्हणाला, "मिसेस टिंकमच्या गुडघ्याची सूज उतरली का रे? या वयात नाचायचं म्हणजे..." मला बार्लीच्या पाण्याचा ठसका लागला. गुडघ्याचं तर मी मार्लिसलासुद्धा बोललो नव्हतो. आणि उठताना खांद्यावर हात ठेवून म्हणतो कसा, "एल्डन, तंबाखू तुला झेपायची नाही. म्हाताऱ्याचं सगळंच ऐकायचं नसतं."

तुम्ही डॅरेलला पत्रं लिहिता का?

एल्डन


मेसा
२२ एप्रिल १९७४

एल्डन,

गुडघा म्हणजे काय सरकारी गुपित आहे? अख्ख्या आयोवाला माहीत असेल. लोक बोलतात. लुरीनच्या बहिणीला तर तोंड मिटायची सवयच नाही.

स्पूनर कोण, मला नीट आठवतही नाही. तोच ना तो बारीक डोळ्यांचा?

पोटाला जप. सरावात मन घाल आणि नको ते उकरून काढू नकोस. हॅगेडॉर्नला सांग, मान वर ठेव.

टिंकम

ता. क. एल्डन, ऑर्विल धादांत खोटं बोलतोय. तुला पत्र लिहून झालं की तो दुसरा कागद ओढतो आणि डॅरेलला लिहितो. तेच विनोद, तेच टोमणे. त्याच्या मनाला लागून राहिलंय की जागा एक होती आणि पोरं दोन. तुला ताट वाढलं आणि डॅरेलला दारातून परत पाठवलं, असं म्हणतो झोपेत.

आता मी एक विचारते, राग मानू नकोस. मला बेसबॉल कळत नाही. पण त्या खुणा डॅरेललाही ऑर्विलनेच शिकवल्या होत्या ना? मग तू त्या करतोस तेव्हा त्याला समजत नसतील का? डॅरेलने ओथमारला गेल्या गेल्या स्वतःच्या खुणा बदलल्या. ऑर्विल त्याच्याशी वर्षभर बोलत नव्हता. तू बदलल्या नाहीस म्हणून तुझं कौतुक सगळ्या गल्लीला सांगत असतो. — लुरीन


ब्रॅडिश
२७ एप्रिल १९७४

कोच टिंकम यांस,

मिसेस टिंकमचा ताजा कलम वाचला आणि पायरीवरच बसलो. मार्लिसने विचारलं, "काय झालं, कोण गेलं?" म्हटलं, "माझी अक्कल गेली. बारा वर्षांपूर्वीच गेली होती, पत्र आज आलंय."

अहो, बारा वर्षं मी तिसऱ्या बेसजवळ उभा राहून डॅरेल स्पूनरला हातवारे करून सांगत होतो, हे बघ, आता आम्ही बेस चोरणार, हे बघ, आता चेंडू टेकवणार, तयार राहा रे बाबा! आणि तो मिशीतल्या मिशीत हसत होता. मार्लिसला सगळं सांगून टाकलं, नोकरीचंही. ती म्हणाली, "इतकं मलाही कळलं असतं. मला वाटलं, तुमचे काहीतरी डावपेच असतील." पिवळ्या भिंतीकडे बघून मग ती जरा रडली. तेव्हापासून मला तुमचा राग आलाय.

मी गाढव, हे कबूल. पण तुम्हाला तर माहीत होतं. फेब्रुवारीत मी सरळ विचारलं होतं, चुकतंय कुठे म्हणून. तुम्ही मला तंबाखू खायला लावलीत! तुमच्या खुणा कुणीतरी करत राहाव्यात म्हणून माझी भाकरी गेली तरी चालेल, असंच ना?

मैदानाला नाव तुमचंच लागेल, ते तुमच्या कष्टाचं आहे. सत्काराला जरूर या. पण खुर्चीत हात खिशात घालून बसा. एकही हातवारा नको. टोपीला नको, कानाला नको, कशालाच नको.

एल्डन प्रोहास्का


मेसा
४ मे १९७४

एल्डन,

हात खिशात राहतील.

टिंकम

ता. क. तो आठवडाभर चकत्या खेळायला गेलेला नाही. दंतवैद्य दोनदा विचारून गेला. — लुरीन


ब्रॅडिश
२० मे १९७४

प्रिय कोच,

सामना संपला आणि गर्दीत तुम्ही दोघं दिसलाच नाहीत. मिसेस टिंकमचा गुडघा ठणकत होता, म्हणून लवकरची बस धरलीत असं मार्लिसकडून कळलं. म्हणून लिहितो, कारण खुर्चीवरून तुम्हाला दिसलं नसेल असं बरंच काही आहे. आणि मला तुम्हाला एक विचारायचंय.

नव्या खुणा पाठ करून घ्यायला वेळ नव्हता. लॉनीला तर घरचा रस्ताही फळ्यावर काढून द्यावा लागतो. म्हणून पोरांना म्हटलं, "मी जुन्या खुणा सगळ्या करीन, पण एकही खरी नाही. बघायचंच नाही माझ्याकडे. फक्त ऐकायचं. नावाने हाक मारली तर पळ, आडनावाने मारली तर थांब." एवढंच. लॉनीने विचारलं, "आणि शिवी दिलीत तर?" सगळे हसले. मीही हसलो, तिथेच चुकलं.

पहिले काही डाव काय मजा आली, कोच! मी पट्टा, कान केलं की स्पूनरचे लोक दुसऱ्या बेसकडे धावत सुटायचे आणि आमचा गडी जागेवर उभा राहून त्यांना टाटा करायचा. स्पूनर टोपी आपटत होता. पण तो काही बावळट नाही. निम्मा सामना झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की माझ्या खुणा बनावट आहेत, आणि त्याने माझ्याकडे बघणंच सोडून दिलं. मग आमचं काही चालेना. हळूहळू बरोबरी झाली.

शेवटचा डाव. आमचे दोन गडी बाद, तिसरा गेला की डाव संपला. लॉनी तिसऱ्या बेसवर, माझ्यापासून हाताच्या अंतरावर. तो होमला पोहोचला तर सामना आमचा. प्रेक्षकांच्या बाकावर प्राचार्य लेदरबी बसलेले आणि शेजारी पोहण्याचे मास्तर, गळ्यात शिट्टी. मी लॉनीला म्हटलं, "व्हाव्रा." म्हणजे थांब. मला काय करावं तेच सुचत नव्हतं. अगदी खरं सांगतो, माझी मान आपोआप तुमच्या खुर्चीकडे वळली. एवढा राग होता तरी वळली. कॉलेजात असताना अडचण आली की वळायची तशीच.

आणि समोर पाहतो तर स्पूनरचीही मान तुमच्याकडेच वळलेली.

तुमचे हात खिशात नव्हते. आधी टोपी. मग कान. मग पट्टा. आणि मग छातीवर फटाफट दोनदा.

स्पूनर ताडकन उठला. "अरे, खऱ्या खुणा म्हातारा देतोय! पळतोय तो, पळतोय! फेक!" असा ओरडला की त्याचा पिचर घाबराघुबरा झाला आणि त्याने चेंडू इतका जोरात फेकला की कॅचरच्या डोक्यावरून तो सरळ मागच्या जाळीत.

आणि आमचं ध्यान? उभं! मीच थांब म्हटलं होतं ना. चेंडू जाळीत अडकलाय, मैदान मोकळं पडलंय, आणि लॉनी माझ्या तोंडाकडे बघतोय. मी भान विसरून ओरडलो, "अरे पळ ना गाढवा!" तर म्हणतो, "कोच, हे नाव की आडनाव?" मग मी त्याला दोन्ही हातांनी ढकललं आणि "लॉनी! लॉनी!" म्हणून बोंब ठोकली. पोरगं सुटलं आणि घसरत, धूळ उडवत, चड्डी फाडून घेत होमवर पोहोचलं.

बारा वर्षांनी ओथमारला हरवलं, कोच. मी मैदानात बसून रडलो. लेदरबी आले, हात मिळवला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी घड्याळ मात्र दुरुस्त करून घे." मार्लिसने स्वयंपाकघराला पडदे घ्यायचं ठरवलंय, तेही पिवळेच.

आता तुम्ही खरं सांगा. ती खूण होती का? आणि असेल तर कुणासाठी?

तुमचा
एल्डन


मेसा
२७ मे १९७४

एल्डन,

मधमाशी होती.

आधी टोपीवर बसली, मग कानाशी घोंघावली, मग पट्ट्यावर उतरली, तिथून शर्टात घुसली. माणसाने मधमाशी मारूही नये का? स्पूनरचंही पत्र आलंय, आठ पानी, त्यातली सात शिव्यांची. त्यालाही हेच लिहिलंय. वर त्याला एक जास्तीचं लिहिलंय, "तू माझ्याकडे बघितलंस म्हणून हरलास." पोरांनो, केस पिकले तुमचे. आता माझ्याकडे बघणं सोडा.

तुझं एप्रिलचं पत्र मी बरेच दिवस खिशात घेऊन हिंडलो. तू लिहिलंस ते खरं होतं. तुझ्या भाकरीचा विचार मी केला नाही. तिकडे आयोवात कुणीतरी अजून माझ्यासारखा पट्ट्याला हात लावतोय, एवढ्यावर मी इथे खूश होतो. त्या दिवशी खुर्चीत बसून बघितलं, तू माझ्या खुणा करतोयस आणि त्यातली एकही खरी नाही. पहिल्यांदा वाईट वाटलं. मग डाव चढत गेला तसं बरं वाटायला लागलं. पोरगं आता माझं ऐकत नाही म्हटलं, म्हणजे कोच झालं. हे मार्लिसला वाचून दाखवलंस तरी चालेल, स्पूनरला नको.

आता नव्या खुणा कर. मला कळवू नकोस. माझ्या पोटात राहणार नाहीत.

लॉनी व्हाव्राला सांग, घसरताना पाय आधी टाकायचा, पार्श्वभाग नंतर.

टिंकम

ता. क. त्या दिवशी वारा असा सुटला होता की माझी टोपी उडून पंचाच्या तोंडावर बसली. त्या वाऱ्यात मधमाशी? आणि सत्काराच्या खुर्च्या होमच्या मागे मांडल्या होत्या, छान सावलीत. तिसऱ्या बेसजवळ, दोघांना दिसेल अशा जागी, आपली खुर्ची ऑर्विलने स्वतः ओढत नेली. मला म्हणाला, तिथे ऊन चांगलं आहे. आम्ही ॲरिझोनाहून आलो होतो. — लुरीन


ब्रॅडिश
३ जून १९७४

प्रिय कोच,

मधमाशीच असणार. इथे त्या फार झाल्यात. मीही सगळ्यांना तेच सांगतोय.

डॅरेलला रविवारी घरी जेवायला बोलावलंय. मार्लिस डुकराचं मांस आणि डंपलिंग करणार आहे. पिवळ्या स्वयंपाकघरातच बसू. तुमच्याबद्दल वाईटसाईट बोलायचं ठरलंय.

नव्या खुणा तयार झाल्या. मैदानाच्या पाटीवर तुमचं नाव, पण खाली उभा राहून हातवारे करणार ते माझे. पोरांकडून घोटून घेतोय. टोपी नाही, कान नाही, नाक नाही, तुमचं काहीही ठेवलं नाही. फक्त सुरुवातीला पट्ट्याला एकदा हात लावतो. त्याला आता काही अर्थ नाही. तुमची आठवण येते म्हणून लावतो. लॉनीने काल विचारलंच, "कोच, हे पट्ट्याचं कशासाठी?"

म्हटलं, "पॅन्ट सैल झालीय."

तुमचा
एल्डन